पडद्यावरची अक्षरे

लिहिणे हे डोक्याचे काम असे आपण म्हणतो खरे; पण हात अडला की डोके बिचारे काय करणार? आमच्या वडाळ्याच्या इमारतीतील एक आजोबा फोर्टमधल्या कचेरीत जन्मभर मराठी टंकलेखन करीत. अर्धांगवायूने उजवा हात गेला आणि त्यांची पत्रे थांबली. तेव्हा नातवाने घरच्या संगणकासाठी एक कळफलक रचायला घेतला. पडद्यावर अक्षरांच्या चौकटी दिसाव्यात आणि डाव्या हाताने माऊस फिरवून त्या एकेक टिपाव्यात, अशी योजना. मराठीचा प्राध्यापक म्हणून तपासणीला मला बोलावणे आले.

“महाभारताला गणपती लागला, सर,” आजोबा म्हणाले, “माझ्या पत्राला त्याचे वाहन पुरे!”

वाहन मात्र प्रारंभी अडले. चौकट टिपली की संगणकाचे लक्ष पत्रावरून कळफलकाकडे जाई आणि अक्षर कुठेच उमटत नसे. ते सुधारले, तो शिफ्ट आडवी आली. एकट्या माऊसने दोन कळा एकदम कशा दाबायच्या? मग एकदा टिपलेली शिफ्ट पुढच्या अक्षरापर्यंत दबलेलीच राहील, अशी सोय झाली.

मांडणी इन्स्क्रिप्टची होती. १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश आहे. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने. तिच्यात ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. आपण उच्चारतो तसे. जुन्या टंकयंत्रावर वेलांटी आधी मारावी लागे. आजोबा सवयीने तीच आधी टिपत आणि ती ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकून बसे!

‘नमस्कार’ नीट उमटला, तसा नातू खूश झाला. मी ‘दऱ्या’ लिहायला सांगितले. उमटले ‘दर्या’. सह्याद्रीतल्या दऱ्यांचा क्षणात समुद्र झाला! इन्स्क्रिप्टमध्ये र च्याच कळीवर शिफ्टने ऱ येतो. पण चौकटी सुटसुटीत दिसाव्यात म्हणून नातवाने तो गाळला होता.

“एका अक्षरासाठी एवढे?” तो म्हणाला.

“अरे, शिफ्ट तर तू आधीच सोपी केली आहेस,” मी म्हटले. “मग ऱ ने काय घोडे मारले आहे?”

त्याने ऱ परत आणला. आजोबांनी माऊस हाती घेतला आणि राजापूरच्या बहिणीला पत्र सुरू केले. पहिली ओळ उमटायला चांगली पाच मिनिटे लागली. ती अशी होती : ‘बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे.’