महाबळेश्वरचे दोन शेजारी

शहाणी माणसे महाबळेश्वरला उन्हाळ्यात जातात. आम्ही गेलो भर आषाढात. पहिल्याच पहाटे मागल्या ओढ्यावरून कुणीतरी शीळ घालू लागले.

"कोण हा वात्रट मुलगा?" पांघरुणातून सौभाग्यवतींनी विचारले.

इंग्रजांनाही तसेच वाटले होते. म्हणून त्यांनी या पाखराला 'शीळ घालणारा शाळकरी पोरगा' म्हटले. हा आपला शीळकरी कस्तूर. काळासावळा, खांद्यावर निळी झळाळी. गंमत अशी, की नाव कस्तुराचे असले तरी शास्त्रज्ञांनी त्याला कस्तुरांच्या कुळातून काढून माशीमारांच्या घरात दत्तक दिले आहे.

दुसरा शेजारी, काळ्या मानेचा ससा, त्याचीही हीच कथा. पूर्वी त्याची गणना उंदरांच्या गोतात होई. पण त्याच्या वरच्या जबड्यात पुढल्या दातांमागे आणखी दोन चिमुकले दात असतात! १९१२ साली सशांचा गण उंदरांहून निराळा मानावा असे ठरू लागले.

बाकी दोघांत साम्य कसले? कस्तुराची पिले उघडीनागडी, डोळे मिटलेली; आईबापांनी चोचीत घास द्यायचा. सशाची पिले जन्मतःच अंगावर लव आणि डोळे उघडे घेऊन येतात. एक ओढा गाजवतो, दुसरा गवतात श्वास रोखून बसतो.

आंतरराष्ट्रीय लाल यादीत मात्र दोघे एकाच रकान्यात आहेत : 'फारशी चिंता नाही.' शिवाय १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आज दोघांच्याही शिकारीला मनाई करतो. हे सारे मी मुलीला मोठ्या ऐटीत सांगितले.

त्याच रात्री पाचगणीहून परतताना टॅक्सीच्या उजेडात एक ससा सापडला. बिचारा झोतातून बाहेर पडेना, पुढे पुढेच धावत राहिला. टॅक्सीवाल्याने गाडी थांबवून दिवे मालवले. क्षणभराने पुन्हा लावले, तेव्हा रस्ता मोकळा होता. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण दोन वळणे पुढे दुसरा एक ससा डांबरावर निपचित पडलेला दिसला. आधीच्या कुणाला थांबायला सवड झाली नव्हती.

"बाबा, याचीही फारशी चिंता नाही का?" मुलीने विचारले.

मला उत्तर सुचेना. यादी जातीची असते. जीव एकेकट्याचा असतो.

पहाटे कस्तूर पुन्हा गायला. त्या दिवशी त्याला कुणी वात्रट म्हटले नाही. आणि परतीच्या घाटात, टॅक्सीवाल्याला न सांगता, मुलगीच म्हणाली, "काका, हळू हं!"