खिडकीपलीकडचा माणूस

प्रवासाची तयारी म्हणजे सामानाची बांधाबांध, असे एके काळी समजले जाई. वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्या-चटणीचा डबा एवढे जमले की माणूस निश्चिंत होई. तिकीट स्थानकावरच्या खिडकीपाशी मिळे. पुढे आरक्षणाची पद्धत रुळली आणि रांगेत उभे राहणे हाही तयारीचाच एक भाग झाला. छापील अर्जावर गाडीचा क्रमांक, तारीख, नाव आणि वय लिहायचे व तो कागद खिडकीतून आत सरकवायचा. आतला कारकून प्रसंगी वैतागे. पण ‘ही गाडी त्या दिवशी नसते’, ‘तारीख चुकली आहे’, असे सांगणाराही तोच असे. ज्याला लिहिता येत नसे, त्याचा अर्ज रांगेतलाच कोणीतरी भरून देई.

२००२ मध्ये भारतीय रेल्वेची तिकिटे इंटरनेटवरून काढता येऊ लागली. आरंभी पैसे संगणकावरून भरले तरी छापील तिकीट कुरियरने घरी येई. कालांतराने त्या कागदाचीही गरज उरली नाही. आता तर परदेशातील रेल्वेचे तिकीटही आपल्या घरी बसून, निघण्याच्या कित्येक आठवडे आधी काढता येते. ही सोय लहान नाही. मात्र तिच्यामुळे खिडकीपलीकडचा माणूस नाहीसा झाला आणि त्याचे काम प्रवाशाच्या अंगावर आले.

ते काम कोणते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, बडोद्यात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची मुलगी जर्मनीत म्युनिक येथे नोकरी करते. बाई प्रथमच तिच्याकडे निघाल्या आहेत. मुंबईहून विमानाने फ्रँकफुर्ट आणि तेथून रेल्वेने सुमारे साडेतीन तासांत म्युनिक, असा त्यांचा मार्ग. तिकीट मुलगीही काढून देऊ शकते. पण बाईंना ते स्वतः काढायचे आहे. आजवर त्यांचे तिकीट कधी वडिलांनी, कधी पतीने, कधी भावाने काढले. त्यावर काय लिहिले आहे, हे पाहण्याची वेळच त्यांच्यावर कधी आली नाही.

पहिलाच प्रश्न येतो तो स्थानकाचा. जर्मनीत फ्रँकफुर्ट नावाची दोन शहरे आहेत : एक माइन नदीवरचे, जेथे मोठा विमानतळ आहे, आणि दुसरे पूर्वेला, पोलंडच्या सीमेलगत, ओडर नदीवरचे. माइनकाठच्या फ्रँकफुर्टमध्येही शहराचे मुख्य स्थानक वेगळे आणि विमानतळाचे वेगळे. विमानतळावर पुन्हा दोन स्थानके आहेत. दूर पल्ल्याच्या गाड्यांसाठी १९९९ मध्ये बांधलेले स्थानक निराळे आणि जवळपासच्या गाड्यांचे निराळे. ज्या शहराला आपण म्युनिक म्हणतो, त्याचे नाव तेथील फलकांवर ‘म्युन्शेन’ असे असते. दादर आणि मुंबई सेंट्रल यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटणार नाही; फक्त येथे तो फरक वाचून ओळखावा लागतो.

यानंतर तारखेचा प्रश्न. विमान १३ तारखेला रात्री २ वाजता सुटणार असेल, तर घरातून १२ तारखेच्या रात्रीच निघावे लागते. बोलण्यात मात्र ‘१३ तारखेची रात्र’ असा उल्लेख होतो आणि त्या भरवशावर पुढच्या गाडीचे तिकीट १४ तारखेचे काढले जाते. वास्तविक जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असल्यामुळे ते विमान १३ तारखेच्या सकाळीच तेथे उतरते. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते, हे एकदा ध्यानात आले की हिशेब सरळ होतो.

दरांचा विचार त्याहून सूक्ष्म आहे. आपल्याकडे आगाऊ आरक्षण करायचे ते मुख्यतः जागा मिळावी म्हणून. प्रतीक्षा यादीची धास्ती आपल्याला पुरेपूर ठाऊक असते. जर्मनीत दूर पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना जागा राखून ठेवण्याची सक्ती नाही आणि प्रतीक्षा यादीही नाही. तेथे लवकर तिकीट काढणाऱ्याला मुख्य लाभ होतो तो स्वस्त दराचा. पण स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेले असते. रेल्वेलाच बराच उशीर झाला तर ते बंधन सुटते. विमानाला उशीर झाला तर साधारणतः सुटत नाही. सर्वांत स्वस्त तिकीट रद्द केल्यास पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून बाईंनी विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत पुरेसे अंतर ठेवावे, किंवा अधिक पैसे मोजून कोणत्याही गाडीला चालणारे तिकीट घ्यावे. दोन्ही मार्ग योग्यच आहेत. निवड मात्र समजून केलेली हवी. शिवाय तिकीट काढले म्हणजे आसन मिळाले असे नाही. आसन हवे असेल तर त्याचे पैसे बहुधा वेगळे भरावे लागतात.

पैसे भरताना आणखी एक अडचण येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड देशांतर्गत व्यवहारांपुरतेच सुरू असते. परदेशी व्यवहाराची मुभा ग्राहकाने बँकेकडून मागून घ्यावी लागते. रक्कम युरोत आकारली जाते आणि रुपयांत रूपांतर करताना बँक बहुधा आपले शुल्क जोडते. नावाची अक्षरे पारपत्रातल्याप्रमाणेच लिहावी लागतात, कारण असे तिकीट विशिष्ट व्यक्तीच्या नावावर असते आणि तपासनीस ओळखपत्र मागू शकतो.

यांतील कोणत्याही गोष्टीला मोठे शिक्षण लागत नाही. लागते ते सावकाश वाचणे. कापड कापण्यापूर्वी माप दोनदा घेण्याची सवय असलेल्या बाईंना ही शिस्त नवी नाही. एकदा कात्री चालली की कापड पुन्हा जोडता येत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

पैसे भरण्याच्या आधी पडद्यावर एक शेवटचे पान येते. स्थानक, तारीख, वेळ, नाव आणि दर ही सारी माहिती तेथे एकत्र दिसते. कंटाळलेल्या माणसाचे बोट नेमके याच पानावर घाईने पुढे सरकते. पूर्वी कारकून तिकीट हाती देण्यापूर्वी विचारी, “कुठून कुठे? कोणत्या तारखेचं?” आणि प्रवासी उत्तर देई. आता विचारणाऱ्या बाईच आणि उत्तर देणाऱ्याही त्याच. त्या ते पान मोठ्याने, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचतात. तारखेपाशी थांबून भिंतीवरची दिनदर्शिका पाहतात, पारपत्र उघडून नावाचे एकेक अक्षर पडताळतात आणि मगच बटण दाबतात.