बारा सुग्या

वय विचारले की आपण वर्षे सांगतो. उत्तर आफ्रिकेतील एका माणसाने मात्र आपली उमेदीची वर्षे सुग्यांनी मोजली आणि तो हिशेब दगडावर कोरून ठेवला. त्याची ओळख झाल्यापासून मला त्याचा मोठा लोभ जडला आहे.

हा दगड ट्युनिशियातील मक्तर येथे १८८२ साली सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. लेख इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला, लॅटिनमध्ये, आणि तोही पद्यात! माझी मजल मॅट्रिकपर्यंतची, तेव्हा लॅटिनचे नाव नको. भाषांतरातूनच हा गृहस्थ मला भेटला. त्याचे नाव दगडावर उरलेले नाही. विद्वान त्याला ‘मक्तरचा कापणीवाला’ एवढेच म्हणतात.

बाप दरिद्री, घर ना दार, हे तो आरंभीच सांगून टाकतो. जन्मापासून शेतात राबला. जमिनीला विसावा नाही नि यालाही नाही. पीक पिकले की विळे घेतलेल्या माणसांच्या टोळ्या निघत. त्या पार सिर्ताकडे, म्हणजे आजच्या अल्जीरियातील कॉन्स्टँटीनकडे, दोनशे किलोमीटरांहून दूर जात. आफ्रिकेच्या या धान्यावर तिकडे समुद्रापार रोम जेवत असे. टोळीत हा सर्वांच्या पुढे. इतरांची पात अजून मागेच, आणि याच्या पाठीमागे पेंढ्यांच्या दाट रांगा! थडग्यावर माणसे पदव्या कोरतात. याने पेंढ्या कोरल्या.

रणरणत्या उन्हात बारा सुग्या त्याने विळा चालवला. मग तो टोळीचा मुकादम झाला आणि अकरा वर्षे टोळ्या चालवल्या. थोडक्यात भागवण्याची सवय होतीच. घर झाले, मळा झाला, गावच्या सभेत जागा मिळाली आणि अखेर नागरिकांची नोंद ठेवणारा सेन्सॉर हा अधिकारही लाभला. नातवंडे पाहिली.

वॅरो या रोमन पंडिताने इसवी सनापूर्वी ३७ साली शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात अवजारांचे तीन प्रकार आहेत: गाडी हे मुके, बैल हे अर्धवट बोलणारे आणि गुलाम हे बोलके अवजार! आमचा माणूस गुलाम नव्हे, मोकळा मजूर. तरी असे ग्रंथ जेथे लिहिले जात, त्या जगात विळा धरणाऱ्या हाताने स्वतःविषयी पद्यात बोलावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

पण माझ्यातला मास्तर येथे जरा अडतो. दिवाळी सरली की आमच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. पोरे आईबापांबरोबर ऊसतोडणीला जातात. टोळी आणि मुकादम हे शब्द मला कोशात पाहावे लागत नाहीत. म्हणून वाटते, या भल्या माणसाला पहिल्या बारा सुग्यांचे ऊन आठवते. पुढल्या अकरा वर्षांत ऊन पडत नव्हते काय? तेव्हा वाकून कापणारे कोण होते, त्यांना काय मिळाले, यावर दगड गप्प आहे.

अगदीच गप्प आहे असेही नाही म्हणा. नुमिडियाची शेते कोणी कापली हे सांगताना तो ‘मी’ म्हणत नाही; आमच्या ‘मानुस’ने कापली, म्हणतो. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ हात असा होतो, आणि टोळी असाही.