काळ्या दगडाच्या गावाला

“बाई, आपल्याकडे ज्वालामुखी होता?” वर्गातल्या मुलीने विचारलं. उत्तर घरातच होतं. माझा पाटा-वरवंटा!

रविवारी मुलांना घेऊन बुवापाड्याहून अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधलं हे शिलाहारकालीन देऊळ याच काळ्या दगडाचं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, त्यातून आपला सह्याद्री घडला. “मग पुन्हा आग येईल?” धाकट्याने माझा पदर धरला. मी म्हटलं, “नाही रे, ती कधीच विझली. आता देशात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानच्या बॅरन बेटावर. तिथे वस्ती नाही.”

पण मैत्रिणींनो, आग विझली तरी डोंगराचा धाक संपलेला नाही. या दगडाची झीज होऊन उतारावर माती साचते. मुसळधार पावसात ती पाणी पिऊन जड होते आणि घसरते. ३० जुलै २०१४ ला माळीण, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी अशीच गाडली गेली.

माझी नणंद डोंगराच्या कुशीत राहते. घरी येताच तिला फोन केला : “वन्सं, जमिनीला नवी भेग पडली, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर भांड्याकुंड्यांचा मोह नको. मुलांना घेऊन तडक बाहेर पडा.”

“चूल अर्धी टाकून?” वन्सं हसल्या.

“हो, अर्धी टाकून!”