डॉक्टरांचे पाहुणे

औपचारिक इंग्रजी जेवणात नवरा-बायकोला सहसा शेजारी बसवत नाहीत. केंब्रिजच्या एका कॉलेजात दुपारच्या जेवणाला आमचंही तेच झालं. गणितज्ञ बायको टेबलाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. तिच्या कार्डावर 'डॉ.' आणि तिचं नाव; माझ्या कार्डावर नुसतं 'डॉक्टरांचे पाहुणे'.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचा विषय?"

"सॉफ्टवेअर. इथे बायकोबरोबर आलोय."

"छान," म्हणत त्या सूपकडे वळल्या.

पुण्यात वाढलेल्याला केंब्रिज म्हटलं की रँग्लर परांजपे आठवतात. १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. त्याआधी नऊच वर्षं, १८९० मध्ये, फिलिपा फॉसेटला सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त गुण पडले होते. पण ती मुलगी. त्यामुळे ना किताब, ना पदवी. केंब्रिजने बायकांना पदव्या द्यायला १९४८ साल उजाडलं.

आई तीस वर्षं बाबांच्या ऑफिसच्या समारंभांत 'साहेबांच्या मिसेस' म्हणून जेवली. तिने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

मला निदान विषय विचारला तरी.