कागदाची पाठ

फ्रान्समधल्या ल्योंमध्ये परवाना असो, भाड्याचं घर असो की लेकीची शाळा, आधी ‘दोसिए’ लागतो. म्हणजे कागदपत्रांचा संच. आपल्या वर्तमानपत्रांत हाच शब्द ‘डॉसिअर’ म्हणून येतो. मुंबई हल्ल्याचे पुरावे जानेवारी २००९मध्ये पाकिस्तानला दिले गेले, तेव्हा तो घरोघरी पोचला. म्हणून घरभाड्यासाठी कुणी माझा दोसिए मागितला तेव्हा मी दचकलेच होते.

फ्रेंचमध्ये ‘दो’ म्हणजे पाठ. कागदांचा गठ्ठा बांधायचा आणि आत काय आहे ते त्याच्या पाठीवर लिहायचं, म्हणून दोसिए. खुर्चीच्या पाठीलाही हाच शब्द.

हे कळलं आणि आजोबांचं दप्तर डोळ्यांपुढे आलं. लाल फडक्यात बांधलेलं, प्रत्येक कागद उभा दुमडलेला, पाठीवर शाईने ‘बारामती प्रांत, अर्ज’, ‘मोबदला’, ‘जुने पळसदेव’. आमची जमीन उजनी धरणाच्या पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरून पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं की आजोबा तिथे उभे राहून आमचा बांध कुठून जायचा ते दाखवायचे. सर्व्हे नंबर त्यांना तोंडपाठ होता.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, आणि इंदापूरच्या माणसाला तो तसा असायचाच. इंग्रज अधिकारी प्रिंगल याची शेतसाऱ्याची आकारणी रयतेला झेपेना, लोक जमिनी टाकून निघून गेले; मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५पासून इथेच फेरमोजणी केली आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवून दिला. मुंबई इलाख्यातल्या पुढच्या मोजण्यांची घडी आमच्या तालुक्यात बसली, याचा मला अभिमान आहे.

‘दप्तर’ फारसीतून आलं. त्याच्या मुळाशी ग्रीकमधलं कमावलेलं कातडं आहे. ‘फाइल’च्या मुळाशी लॅटिनमधला धागा, कागद ओवायचा. पेशवे दप्तरातले गठ्ठे तर ज्या कापडात बांधले त्याच्याच नावाने रुमाल झाले. पण दोसिएचं खरं भावंड मला आपल्या ‘पृष्ठ’ या शब्दात दिसतं. संस्कृतात पृष्ठ म्हणजे पाठच. आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या कागदाला आपण पाठपोट म्हणतो, जणू तो जिवंत आहे.

लेकीच्या शाळेचा दोसिए परवा पूर्ण केला. त्यात शेवटी आजोबांच्या दप्तरातल्या जमिनीच्या जुन्या उताऱ्याची झेरॉक्सही घातली. ती कुणी मागितलेली नव्हती. पाठपोट काढली आहे, आजोबांचं अक्षर पाठीवर आहे म्हणून.