जवळचे पाहणारी दुर्बीण

बदलीच्या नोकरीत माणसाच्या नजरेला लांबचे पाहण्याची सवय आपोआप जडते. मुलुखाबाहेर बसलेला मराठी अधिकारी दिनदर्शिका उघडतो ती गणपतीला जोडून किती सुट्या मिळतात हे मोजण्यासाठी, आणि रेल्वेचे वेळापत्रक चाळतो ते पुण्या-मुंबईच्या गाडीसाठी. राहतो ते ठाणे, आणि गाव ते दूर कोठेतरी, अशी त्याच्या मनाची वाटणी झालेली असते. त्यामुळे बंगळूरच्या बनशंकरीत आम्ही दुर्बीण घेण्याचे ठरविले, तेव्हा "आता आणखी लांबचे काय पाहावयाचे उरले आहे?" असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, यात नवल नव्हते.

पाहावयाचे होते ते परसातलेच. परस म्हणजे तीस फूट बाय चाळीस फुटांच्या जागेवर घर उभे राहिल्यानंतर मागे उरलेली चिंचोळी पट्टी. तीत एक शेवगा, एक कढीलिंब, आणि शेजारच्या भिंतीवरून आमच्याकडे झुकलेले सिंगापूर चेरीचे झाड. बनशंकरी ही वनाची देवता. बदामीजवळचे तिचे मूळ ठाणे अनेक मराठी घराण्यांचे कुलदैवत आहे. येथील मंदिर १९१५ सालचे. देवीच्या नावातले वन आज दक्षिणेला तुरहळ्ळीच्या बाजूस उरले आहे. पण त्याचे काही रहिवासी या परसांतून अद्याप हक्काने वावरतात.

दुकानदाराने प्रथम पुढे केली ती सर्वांत मोठा आकडा मिरविणारी दुर्बीण. खरेदी करणाऱ्याने येथेच सावध व्हावे. दुर्बिणीवर ८ गुणिले ४२ असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पहिला आकडा वाढला की पक्षी मोठा होतो हे खरे. परंतु त्याबरोबर हाताचा कंपही तितकाच मोठा होतो, आणि दृष्टीच्या टप्प्यात येणारा प्रदेश सामान्यतः आक्रसतो. बारा पट मोठा दिसणारा शिंजीर आधी सापडला तर पाहिजे! तो फुलावरून फुलावर जाईपर्यंत आपण नुसती पाने चाळीत बसतो.

दुसरे गणित वयाचे आहे. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ८ गुणिले ४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर भरते, ७ गुणिले ५० मध्ये सातांहून थोडी अधिक, तर खिशात मावणाऱ्या १० गुणिले २५ मध्ये अवघी अडीच. तरुणाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाची तितकी उघडत नाही. म्हणजे सातांपैकी बराचसा प्रकाश आमच्या दाराशी येऊन परत जाणार, आणि अडीचमध्ये संध्याकाळचा पिंगळा काळवंडणार. सव्वापाच हा आमच्या वयाला मानवणारा आकडा. चष्मेवाल्यांनी आणखी एक पाहावे : डोळा मागच्या भिंगापासून पंधरा-सोळा मिलिमीटर दूर राहिला, तरी पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे.

परंतु परसासाठी खरी कसोटी वेगळीच, आणि तिचा आकडा बहुधा दुर्बिणीच्या अंगावर नसतो. ती किती जवळचे स्पष्ट दाखविते? कित्येक दुर्बिणी क्षितिजावरची टेकडी रेखीव दाखवितात. पण पाच-सहा मीटरांच्या आतले सारे त्यांना धुके. आमची तर सगळी सृष्टीच तेवढ्या अंतरात! म्हणून आम्ही दुकानात दूरच्या इमारतींकडे न पाहता समोरच्या कपाटावरील चिठ्ठी वाचू लागलो. दुकानदार चकित झाला. अखेर दोन-अडीच मीटरांवरचे अक्षर स्वच्छ दाखविणारी, पाऊण किलोच्या आत वजनाची, ८ गुणिले ४२ ची दुर्बीण घेऊन आम्ही घरी आलो.

मग शिंपी पानांना कडेने टाके घालताना दिसला. तांबटाच्या कपाळावरचा लाल टिळा दिसला. आमच्या भाषेने पक्ष्यांना धंदे वाटून दिले आहेत, नोकऱ्याही दिल्या आहेत. तारेवर कोतवाल, कुंपणावर शिपाई बुलबुल. साऱ्या कचेरीचीच परसात बदली झाल्यासारखे वाटले.

दाट वस्तीत दुर्बीण उगारणे मात्र शोभत नाही. शेजारच्या खिडकीचा पडदा ओढला गेला, तेव्हा आम्ही सरळ जाऊन शेजारच्या आजींच्याच हाती ती दिली. त्यांच्या झाडावर एक हिरवा, पांढऱ्या गालाचा पक्षी चेरी गिळीत होता. आम्ही म्हटले, कुटुर्गा. त्या म्हणाल्या, कुट्रुहक्की. एकाच आवाजावरून दोन भाषांनी एकच नाव ठेवले होते. त्या चेरीला 'गसगसे' म्हणतात, कारण आत खसखशीसारखे बारीक बी असते, हेही त्यांनीच सांगितले. अनेक वर्षांच्या शेजारात 'ऊट आयता?' च्या पलीकडे गेलेले आमचे ते पहिलेच संभाषण.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे वनाधिकारी. बदलीच्या प्रत्येक रानात त्यांनी तेथल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावे मागून घेतली, आणि त्यातून मराठीचे शब्दभांडार वाढले. नोकरी सर्वांनाच गावोगाव नेते. तेथले शब्द सामानात घेऊन निघणारा विरळा.

आमच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत 'कायमचा पत्ता' असा एक रकाना आहे. तो अद्याप कोरा आहे. दर हिवाळ्यात हिमालयाकडून एक पिवळ्या पोटाचा करडा धोबी आमच्या गच्चीवरील टाकीखाली साचलेल्या पाण्याशी येतो, शेपटी हालवीत सहा महिने राहतो आणि उन्हाळा तापू लागला की निघून जातो. त्याचा कायमचा पत्ता कोणता, हे त्याला कोणी विचारीत नाही. यंदा तो आला तेव्हा भिंतीपलीकडून आजींनीच हाक मारून आम्हांला दुर्बीण आणावयास सांगितले.